चाळिशीनंतरची उमेदवारी

खेड्यातील माणसाने चाळिशी ओलांडली म्हणजे त्याचे शिकण्याचे दिवस सरले, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. मुलगा हाताशी आला, मुलीचे लग्न ठरले, डोळ्यांवर चाळिशी चढली, की माणसाने पारावर बसून चार अनुभवाचे शब्द सांगावेत. नव्याने पाटी हाती घेऊ नये, असे जो तो मानतो. शेतीचा धंदा मात्र या समजुतीला मान देत नाही. विहीर आटते, दोन हंगाम लागोपाठ बुडतात, पाठीचा मणका दुखावतो. आणि पंचेचाळीस वर्षांच्या धडधाकट बुद्धीच्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो, की पुढील वीस वर्षे काय करावयाचे? शहराची वाट धरावी तर तेथे रखवालदारीवाचून दुसरे काम या वयात सहसा मिळत नाही. गावी राहावे तर अंगमेहनत झेपत नाही.

अशा माणसांसाठी गावातच एक काम अलीकडे उपलब्ध होऊ लागले आहे. ते म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा सहकारी सोसायटीच्या हिशेबनिसाचे. हे काम मानाचे आहे, जोखमीचे आहे, आणि प्रौढ वयात प्रारंभ करूनही नीट साधता येते. मात्र त्यासाठी पुन्हा उमेदवार होण्याची मनाची तयारी हवी. ही उमेदवारी कशी असते आणि तिच्यात काय पणाला लागते, हे लातूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या हकीकतीवरून स्पष्ट होईल.

वही कोणाच्या हाती?

हिशेबाच्या वहीचे आणि शेतकऱ्याचे नाते पूर्वी सलोख्याचे नव्हते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. हे लोण पाहता पाहता पुणे व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांत पसरले. या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, तर त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हिसकावून घ्यावीत व ती जाळून टाकावीत, हा त्यांचा हेतू होता. वही सावकाराची, अक्षर सावकाराचे, बेरीजही सावकाराचीच. ऋणकोने केवळ अंगठा उठवावयाचा, अशी तेव्हाची रीत होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ जो कायदा झाला, त्यात कर्जदार शेतकऱ्यास पैसे भरल्याची लेखी पावती आणि वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क दिला गेला. पावती मिळण्यासाठीही कायदा करावा लागला, यावरून त्या काळची स्थिती ध्यानी येते.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि वही प्रथमच गावकऱ्यांच्या स्वतःच्या संस्थेत आली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, म्हणजे २००२ साली, प्रा. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी स्थापन करण्याची मुभा मिळाली. या कंपनीचे सभासद प्रत्यक्ष उत्पादकच असावे लागतात. २०२० साली केंद्र शासनाने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. तीत मैदानी भागातील संस्थेस किमान ३०० सभासदांची अट असून तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्चासाठी साहाय्य देण्याची तरतूद आहे. या साहाय्यातूनच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व हिशेबनिसास दरमहा १०,००० रुपयांपर्यंत वेतन देता येते. हिशेबनिसासाठी बारावी उत्तीर्ण व त्यात गणित विषय, अथवा वाणिज्य किंवा लेखाशास्त्राची पार्श्वभूमी, एवढीच शैक्षणिक अपेक्षा ठेविलेली आहे.

ज्याने पंचवीस वर्षांपूर्वी बारावीला गणित घेतले होते आणि नंतर नांगर हाती धरला, अशा माणसासाठी ही लहानशी खिडकीच म्हणावयाची.

मणक्याचे दुखणे आणि नवी वाट

ज्या शेतकऱ्याची ही हकीकत आहे, त्याचे वय त्या वेळी शेचाळीस वर्षांचे होते. तीन एकर कोरडवाहू जमीन, खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा, असा त्याचा पीकक्रम. बारावी झाल्यावर वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षास तो तालुक्याच्या महाविद्यालयात गेला होता. परंतु वडील अकस्मात वारले, धाकट्या दोन बहिणींची लग्ने व्हावयाची होती. यास्तव शिक्षण तेथेच थांबले. पुढील सव्वीस वर्षे शेतीत गेली. एका हंगामात पोती उचलताना कमरेत कळ आली ती गेलीच नाही. मणक्यात दोष असून यापुढे ओझे उचलू नये, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. थोरला मुलगा तंत्रनिकेतनात शिकत होता. त्याची फी भरावयाची होती.

याच सुमारास गावच्या पंचक्रोशीतील सुमारे चारशे शेतकऱ्यांनी मिळून कंपनी स्थापन केली होती. बियाणे व खते एकत्रित खरेदी करावीत आणि सभासदांचे सोयाबीन कंपनीच्या काट्यावर मोजून घेऊन तेल गिरण्यांना विकावे, असा तिचा उद्योग. हिशेबनीस नेमावयाचा होता. संचालक मंडळाचा कल एखाद्या तरुण पदवीधराकडे होता. परंतु दोन तरुण आले आणि शहरात बरी नोकरी लागताच निघून गेले. तेव्हा या गृहस्थाने स्वतः होऊन अध्यक्षांची भेट घेतली.

"या वयात तुम्हाला संगणक जमेल का?" असे अध्यक्षांनी विचारले. प्रश्न उघड होता आणि उत्तरही त्याने उघडच दिले. "आज जमत नाही. तीन महिने द्या. नाही जमले तर मीच उठून जाईन."

घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा पत्नी म्हणाली, "लोक हसतील हे खरे, पण दुखणाऱ्या कमरेने पोते उचलताना पाहण्यापेक्षा ते हसणे बरे." मंडळाने तीन महिन्यांच्या कराराने त्याची नेमणूक केली.

शिकणे आणि मोडून शिकणे

कंपनीचे वार्षिक लेखापरीक्षण तालुक्याच्या गावातील एका सनदी लेखापालाकडे होते. त्यांच्या कार्यालयातील एक तेवीस वर्षांची तरुणी आठवड्यातून एकदा येऊन हिशेब तपाशी. तीच या उमेदवाराची गुरू झाली. ती त्याला 'काका' म्हणे. तो तिला 'ताई' म्हणे. आपल्या मुलीच्या वयाच्या मुलीने वहीवर लाल खूण करावी आणि आपण ती मुकाट्याने दुरुस्त करावी, हे प्रारंभी त्यास जड गेले. परंतु नवे बियाणे पेरताना शेतकरी कृषी सहायकाचे वय विचारीत नाही, मग येथे तरी का विचारावे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

प्रारंभी तिने त्याला संगणकाजवळ बसूच दिले नाही. "काका, आधी हाताने लिहा. यंत्र चुकीचीही बेरीज अचूक करून देते," असे तिचे म्हणणे होते. एका साध्या वहीत रोजकीर्द, दुसरीत खतावणी, आणि महिनाअखेर तेरीज. असा दोन महिने सराव झाला. जमा-नावे यांचे तीन नियम तिने त्यास खळ्यावरच्या उदाहरणांनी समजावून दिले. व्यक्तीचे खाते असेल तर घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा. वस्तूचे किंवा मालमत्तेचे खाते असेल तर जे आले ते नावे आणि जे गेले ते जमा. खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. सभासदाने सोयाबीन आणून टाकले, की खरेदी नावे पडते आणि सभासदाच्या खात्यावर तेवढीच रक्कम जमा होते. त्याचे पैसे चुकते झाले, की सभासदाच्या नावे आणि बँकेच्या जमा. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात आणि ती सारखीच असावी लागतात. इटलीतील लुका पाचोली या धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत वर्णन केली. आजचा संगणकही तीच पद्धत अनुसरतो.

सर्वांत कठीण गोष्ट निराळीच ठरली. शेतकरी म्हणून मनात हिशेब ठेवण्याची जी सवय अंगी मुरली होती, ती मोडावी लागली. 'हे तर माझ्या लक्षात आहे, संध्याकाळी लिहू' ही शेतावर चालणारी रीत कंपनीच्या वहीत चालत नाही. पावतीवाचून नोंद नाही, आणि नोंदीवाचून पैसा हलत नाही, हा पहिला धडा होय. तीन महिने पुरे झाले तेव्हा मंडळाने त्याचा करार वाढविला.

नऊ हजारांचा फरक

पहिल्याच खरेदी हंगामात त्याची परीक्षा झाली. दिवाळीच्या आगेमागे कंपनीच्या काट्यावर रोज ट्रॅक्टरांची रांग लागे. माल येताच ओलावा पाहावयाचा, माती-काडी पाहावयाची, बारदान्याचे वजन वजा करावयाचे, काटापावती फाडावयाची, आणि सायंकाळी बँकेत पाठवावयाची नावांची व रकमांची यादी तयार करावयाची. गर्दीमुळे त्याने एक सोपी वाट पत्करली. खरेदी प्रत्येकाच्या नावाने नोंदवावयाची. परंतु दिलेल्या पैशांची नोंद प्रत्येकाच्या खात्यावर न करता दिवसाची एकच ठोक रक्कम 'सोयाबीन उत्पादकांचे देणे' या एकत्रित खात्यावर टाकावयाची.

नोव्हेंबरअखेर सर्वांचे पैसे चुकते झाले होते. त्यामुळे ते खाते निरंक दिसावयास हवे होते. ते निरंक नव्हते. त्यात ९,००० रुपये जमा बाजूस शिल्लक दिसत होते. याचा अर्थ एकच होता. कोणा एका अथवा अनेक सभासदांना मिळून नऊ हजार रुपये कमी गेले होते. आणि तक्रार मात्र एकाचीही आली नव्हती.

एका संचालकाने सुचविले, "कोणी मागत नाही ना? मग उचंत खात्यावर टाका. कोणी आले तर पाहू." यात त्या संचालकाचा हेतू वाईट होता असे नव्हे. कामाच्या घाईत अशीच वाट अनेक संस्था धरतात. उचंत खाते हे तात्पुरत्या, उलगडा न झालेल्या रकमांसाठी असते. परंतु एकदा रक्कम तेथे गेली, की वर्षानुवर्षे ती तेथेच पडून राहते आणि अखेर कोणाची होती हेही विसरले जाते. हिशेबनिसाने नम्रपणे सांगितले, "हा पैसा कंपनीचा नाही. ज्याचा आहे तो सापडेपर्यंत मी महिना बंद करणार नाही."

रात्री त्याने १३७ काटापावत्या पुढे घेतल्या. एकीकडे बँकेच्या याद्या, एकीकडे पावत्या, आणि मनात भीती, की ही आपलीच चूक आहे आणि तीन महिन्यांचा करार वाढवून देणाऱ्या मंडळाला उद्या तोंड कसे दाखवावे. शेवटी त्याने त्या तरुणीस दूरध्वनी केला. तिने सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "काका, फरकाला नऊने भाग जातो का?"

भाग जात होता. हिशेबनिसांच्या जगात ही खूण जुनी व उपयुक्त आहे. रक्कम लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली, की पडणाऱ्या फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो. ५४ ऐवजी ४५ लिहिले तर फरक ९. ७२ ऐवजी २७ लिहिले तर फरक ४५. फरक नऊ हजारांचा असेल, तर बहुधा दशसहस्र व सहस्र या स्थानांच्या आकड्यांत अदलाबदल झालेली असते, आणि त्या दोन आकड्यांतील अंतर एकाचे असते. पैसे कमी गेलेले असल्यामुळे खऱ्या रकमेतील पहिला आकडा दुसऱ्याहून एकाने मोठा असला पाहिजे. म्हणजे २१, ३२, ४३, ५४, ६५, ७६, ८७ किंवा ९८ हजारांच्या पावत्याच तेवढ्या पाहावयाच्या. एकशे सदतीस पावत्यांतून अशा अकराच निघाल्या. त्यातील सातवी पावती १२ क्विंटलची होती. भाव ४,५२५ रुपये. रक्कम ५४,३००. बँकेच्या यादीत मात्र ४५,३०० असे टंकित झाले होते.

(फरकाला दोनाने भाग जात असेल, तर त्याची निमपट रक्कम शोधावी, कदाचित ती जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमेस पडलेली असते. ही दुसरी खूणही वाचकांनी ध्यानी ठेवावी. या खुणा वाट दाखवितात. खातरजमा मात्र पावतीवरूनच करावी लागते.)

ती पावती गावातील एका विधवा शेतकरी बाईंची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेबनीस अध्यक्षांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेला. त्याने पावती व बँकेची यादी दोन्ही पुढे ठेविली आणि म्हणाला, "काकू, माझ्या हातून चूक झाली. तुमचे नऊ हजार कंपनीकडे राहिले आहेत. आजच बँकेत जमा होतील."

त्या बाई काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, मला वाटले ओल निघाली असेल, म्हणून कापले. व्यापारी कापतातच की. तुम्हीही कापले असतील, कोणाला विचारायचे?"

या उत्तराने दोघेही गृहस्थ खजील झाले. चूक आकड्यांची होती. परंतु ती निमूटपणे सोसण्याची सवय पिढ्यांची होती. कंपनी आपली, काटा आपला, वही लिहिणारा गावचाच, तरीही कमी पैसे आले तर विचारावयाचे नसते, असे त्या बाईंनी गृहीत धरले होते. कंपनीने त्यांना पावती दिली होती. परंतु पावतीवरील रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम ताडून पाहण्याचा हक्क आपणास आहे, हे कोणी सांगितले नव्हते.

पुढील सभेत हिशेबनिसाने आपली चूक स्वतः मांडली. मंडळाने तीन नियम केले. बँकेची यादी एकाने वाचावी व दुसऱ्याने पावतीशी ताडावी. पैसे दिल्याची नोंद प्रत्येक सभासदाच्या खात्यावर त्याच दिवशी व्हावी, ठोक नोंद करू नये. आणि पैसे जमा होताच वजन, भाव, कपात व निव्वळ रक्कम यांचा तपशील सभासदास भ्रमणध्वनीवर कळवावा. ज्या संचालकाने उचंत खात्याची सूचना केली होती, त्यांनीच तिसरा नियम मांडला, ही नमूद करण्याजोगी गोष्ट होय.

प्रौढ उमेदवाराचे बलाबल

वयाने आलेल्या काही उणिवा कबूल केल्या पाहिजेत. बोटे कळफलकावर मंद चालतात. दृष्टी अधू होते. यास्तव काम सुरू करण्यापूर्वी डोळे तपासून योग्य चष्मा घ्यावा. ३ आणि ८ यांत, १ आणि ७ यांत होणारी गफलत पुष्कळदा बुद्धीची नसून चष्म्याची असते. नवी आज्ञावली एकदा सांगून लक्षात राहत नाही; ती स्वतःच्या अक्षरात क्रमवार लिहून ठेवावी.

उलटपक्षी, त्याच्याजवळ जे असते ते तरुणाजवळ सहसा नसते. एकदा संगणकावर काम करणाऱ्या मुलाने एका सभासदाच्या नावे १२० क्विंटल सोयाबीन नोंदविले. यंत्राला त्यात काही गैर दिसले नाही. हिशेबनिसाने नोंद पाहताच थांबविली, कारण त्या सभासदाची जमीन अवघी तीन एकर होती. चांगल्या वर्षी एकरी आठ-दहा क्विंटल धरले, तरी तीस क्विंटलांपलीकडे माल निघणे अशक्य. पावती पाहता आकडा १२.० निघाला, दशांश चिन्ह गळले होते. पीक, जमीन आणि माणसे ठाऊक असणे हेही हिशेबाचेच ज्ञान होय.

काय व कोणत्या क्रमाने शिकावे

ज्यांना या कामाची इच्छा आहे, त्यांनी पुढील क्रम ठेवावा.

पहिली पायरी हाताने हिशेब लिहिण्याची. स्वतःच्या शेतीचे एक पूर्ण वर्ष, १ एप्रिल ते ३१ मार्च, रोजकीर्द व खतावणीत लिहून काढावे. बियाणे, खते, मजुरी, भाडे, विक्री, उसनवारी, सारे त्यात यावे. वर्षाअखेर नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करावा. स्वतःच्या शेतीचा ताळेबंद ज्याला जुळविता आला, त्याला कंपनीचा कळू लागतो.

दुसरी पायरी नोंदवह्यांची. साठा नोंदवही, बारदाना नोंदवही, भागधारकांची नोंदवही, सभेचे इतिवृत्त आणि दरमहाचे बँक ताळमेळ पत्रक, या गोष्टी मूळ हिशेबाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. गोदामातील प्रत्यक्ष पोती आणि वहीतील पोती महिन्यातून एकदा तरी मोजून ताडावीत.

तिसरी पायरी संगणकाची. एम. एस.-सी. आय. टी. सारखा प्राथमिक अभ्यासक्रम तालुक्याच्या ठिकाणी होतो. मराठी टंकलेखन व तक्ते तयार करणे प्रथम साधावे. लेखा आज्ञावली त्यानंतर.

चौथी पायरी कराची व कायद्याची. बियाण्यांवर वस्तू व सेवा कर नाही, खतांवर तो ५ टक्के, तर रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के आहे. एकाच दुकानातून तिन्ही वस्तू विकताना बिले चुकली, तर विवरणपत्र चुकते. कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा व कंपनी निबंधकांकडे भरावयाची प्रपत्रे यांच्या मुदती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. मुदत टळल्यास प्रत्येक प्रपत्रामागे दर दिवसास १०० रुपये जादा शुल्क पडते. लहान कंपनीचा वर्षाचा नफा एवढ्याशा हयगयीने खर्ची पडू शकतो. अवघड प्रसंगी सनदी लेखापालास विचारण्यात कमीपणा मानू नये.

पाचवी गोष्ट पायरी नसून पथ्य आहे. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती शक्यतो रोकड असू नये. रोकड ठेवावीच लागली, तर दररोज सायंकाळी ती दुसऱ्यादेखत मोजून कीर्दीखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. हे पथ्य अविश्वासापोटी नसून प्रामाणिक माणसाच्या रक्षणासाठी आहे.

वेतन व पुढील वाट

या कामाचे केवळ गोड चित्र रंगविणे योग्य होणार नाही. दरमहा दहा हजार रुपयांत आजच्या काळी संसार चालत नाही. शासनाचे साहाय्यही ठरावीक वर्षांपुरतेच असते; त्यानंतर हिशेबनिसाचे वेतन कंपनीने आपल्या व्यापारातूनच दिले पाहिजे. म्हणून कंपनीत जाण्यापूर्वी तिचे मागील ताळेबंद पाहावेत, व्यापार खरोखर चालतो की केवळ कागदावर आहे, याची चौकशी करावी. या नोकरीच्या भरवशावर जमीन विकू नये, कर्ज काढू नये. ज्या शेतकऱ्याची ही हकीकत आहे, त्याने आपली शेती धाकट्या भावाशी भागीने करविली आणि वेतनाची जोड तिला दिली. म्हणूनच मुलाची फी भरता आली.

पुढील वाटाही आहेत. जून २०२२ मध्ये केंद्र शासनाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विकास सोसायट्यांची दप्तरे संगणकावर आली, की ती समजून चालविणारी माणसेही गावोगाव लागतात. ज्यांचे शिक्षण अर्धवट राहिले त्यांना नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून, आपले काम सांभाळून वाणिज्य शाखेची पदवी घेता येते. पदवीनंतर राज्याच्या सहकार खात्यामार्फत होणारी सहकार व लेखाशास्त्र पदविका, म्हणजे जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा देता येते. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व तत्त्वे, सहकारी कायदे इत्यादी विषय तीत असतात. सहकारी संस्थांच्या हिशेबात ज्याला पुढे जावयाचे आहे, त्याने ही परीक्षा आपले ध्येय ठेवावे.

सभेतील एक प्रश्न

त्या कंपनीची पुढील वार्षिक सभा गावच्या समाजमंदिरात भरली. हिशेबनिसाने ताळेबंद मराठीत वाचून दाखविला. प्रत्येक सभासदाच्या हाती त्याची एक-एक प्रत होती. वाचन संपताच अध्यक्षांनी कोणास काही विचारावयाचे आहे काय, असे नेहमीच्या रीतीने म्हटले. अशा वेळी सभेत बहुधा शांतता असते.

त्या दिवशी मागच्या रांगेतून त्याच विधवा बाई उठून उभ्या राहिल्या. "बारदान्याचा खर्च गेल्या वर्षापेक्षा एवढा का वाढला?" असे त्यांनी विचारले. हिशेबनिसाने चष्मा सावरला, बारदाना नोंदवही उघडली, कोणत्या महिन्यात किती पोती घेतली, किती फाटली आणि किती परत आली, हे पान सांगून वाचून दाखविले. बाईंनी आपल्या हातातील कागदावर बोट ठेवून ते ऐकले आणि "बरोबर," एवढे म्हणून त्या खाली बसल्या.

ज्या गावी शेतकरी उत्पादक कंपनी अथवा विकास सोसायटी आहे, तेथील चाळिशी ओलांडलेल्या, गणिताची आवड असलेल्या बंधुभगिनींनी या कामाचा विचार जरूर करावा. कंपन्यांच्या संचालकांनीही केवळ वय पाहून अशा उमेदवारांस परत पाठवू नये. आपल्या तालुक्यातील कंपन्यांची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या 'आत्मा' कार्यालयात मिळू शकते. आणि ज्यांना हे काम करावयाचे नाही, त्यांनी निदान आपली काटापावती जपून ठेवावी, बँकेत आलेल्या रकमेशी ती ताडून पाहावी, आणि फरक दिसल्यास निःसंकोच विचारावे. वही आता आपल्याच घरची आहे.